एका कानासाठी केलेलं गाणं

मित्रांनो, तुम्ही मला ऐकलेलं आहे. शब्द कळले नसतील, पण चाल कानावरून गेलेली आहे. कुणाच्या लग्नात, कपड्याच्या दुकानात, नाहीतर दातांच्या डॉक्टरकडे तोंड धरून बसला असाल तेव्हा. मी एक जुनं गाणं आहे. साठी उलटून गेली माझी. गाण्याला लोक 'ते' म्हणतात, पण मी बाईच्या तोंडून आले, तेव्हा बाईसारखीच बोलणार. जिनं मला केलं तिनं चौथीनंतर शाळा पाहिली नाही आणि मी तर मुळीच पाहिली नाही. बोलण्यात कुठे वाकडं निघालं तर निघालं.

मला बत्तीस जणांनी गायलं. त्यातल्या काहींच्या तसबिरी भिंतींवर टांगल्या आहेत. एखादीनं एवढ्यावर नाक वर केलं असतं. मीही पुष्कळ वर्षं केलं. आज मात्र खाली मान घालून जे सांगायचं ते सांगते.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेम्फिस शहरात एक लाँड्री होती, वाफेवर चालणारी. हॉटेलांच्या चादरी आणि साहेबांचे शर्ट तिथे यायचे. मोझेल टिसडेल तिथे प्रेसवर उभी असायची. पायानं खालची दांडी दाबली की वरचं झाकण खाली यायचं, वाफ सुटायची, फुस्स, आणि मग झाकण बसायचं, धप. फुस्स-धप, फुस्स-धप, सकाळी सातापासून. माझा ठेका तो. पुढे मोठमोठ्या वादकांनी त्यावर डोकं खाजवलं. एकानं तर तो म्हणे आफ्रिकेतून आला असं लिहिलं. अरे बाबा, तो चादरींतून आला.

पण ठेका म्हणजे गाणं नव्हे. गाणं तिच्या पोटात दुसऱ्याच गोष्टीमुळे आलं.

मोझेलला एक धाकटी बहीण होती, व्हर्नीस. ती विशीत शिकागोला निघून गेली. तिकडे काम होतं आणि समोरून गोरा माणूस आला म्हणून फुटपाथवरून खाली उतरावं लागत नव्हतं. मागे राहिली मोझेल आणि आई. आई दोन वर्षं अंथरुणावर होती. दिवसभर चादरींना इस्त्री करायची आणि घरी येऊन आईची चादर बदलायची, असं मोझेलचं आयुष्य. व्हर्नीसचं पत्र यायचं, त्यात तिचा नव्या टोपीतला फोटो असायचा. आई तो फोटो उशाखाली ठेवायची. चादर बदलणारे हात मोझेलचे आणि उशाखाली फोटो व्हर्नीसचा. हे तिला फार लागायचं. लागणारच.

एका मंगळवारी आई गेली.

आता तिकडच्या काळ्या लोकांची एक रीत आहे. अर्धं घर उत्तरेला गेलेलं असतं, म्हणून कुणी गेलं तर पुरायची घाई करत नाहीत. आठ-आठ, दहा-दहा दिवस थांबतात. शिकागोची लेक पोचली पाहिजे, डेट्रॉइटचा मुलगा पोचला पाहिजे. पुरण्याचं काम करणाऱ्या गृहस्थानं मोझेलला सहजच विचारलं, "व्हर्नीस येईपर्यंत ठेवतोच आहे ना मी?"

मोझेल म्हणाली, "नको. शुक्रवारी उरकू."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, पण घरची मोठी ती. तार तिनं मंगळवारीच शेजारणीकडून लिहवून घेतली होती. तो कागद एप्रनच्या खिशात घालून ती बुधवारी कामावर गेली, गुरुवारीही गेली. गुरुवारी संध्याकाळी तिनं तो तारघरात दिला. व्हर्नीस शनिवारी पोचली, हातात काळ्या टोपीचा गोल डबा घेऊन. तिला मातीचा ढीग दिसला. ती एवढंच म्हणाली, "एक मूठ मातीही ठेवली नाहीस ग माझ्यासाठी." आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. टोपी डब्यातून बाहेर आलीच नाही.

दोन वर्षं मोझेल त्याबद्दल कुणाशी बोलली नाही. आणि मग एक दिवस प्रेसवर, फुस्स-धपच्या मधल्या जागेत, मी आले. मी अशी होते:

मी थांबले नाही, व्हर्नीस, मी थांबले नाही.
आईला मातीत ठेवलं तेव्हा तुझी गाडी वाटेत होती.
तार माझ्या खिशात होती, व्हर्नीस, दोन दिवस खिशात होती.

एवढीच मी. एका बाईनं एका बाईसाठी केलेली. मला मेम्फिसहून निघून शिकागोत एका कानापर्यंत जायचं होतं. बाकी जगाशी मला काही देणंघेणं नव्हतं.

हॉलिस नावाचा एक माणूस शर्ट न्यायला आला आणि मला ऐकून दारातच उभा राहिला. बुटांच्या बंद पडलेल्या दुकानात त्यानं ध्वनिमुद्रणाचा कारखाना काढला होता. चार वादक, दोन माइक, आवाज घुमू नये म्हणून छताला अंड्यांचे ट्रे ठोकलेले. त्यानं मोझेलला रविवारी प्रार्थनेनंतर बोलावलं. ती चर्चचे कपडे आणि पांढरे हातमोजे तसेच घालून गेली. तिनं मला पूर्ण गायलं. ढोल वाजवणारा डोळे पुसत म्हणाला, "आई ग, हे काय होतं?"

हॉलिसनं घड्याळ पाहिलं.

"मोझेल, चार मिनिटं वीस सेकंद झाली. रेडिओवाले तीनच्या वर घेत नाहीत."

"मग?"

"आई मरते ते काढ. लोक नाचायला रेकॉर्ड घेतात. रडायला त्यांच्या घरी जागा आहे."

हॉलिसनं पुढे विचारलं,

"आणि ही व्हर्नीस कोण?"

मोझेलनं हातमोज्याचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, "कुणी नाही."

"मग तिथे 'राजा' म्हण. प्रत्येक पोरीला आपापला राजा असतो. व्हर्नीस कुणाला असते?"

वादक हसले. आणि मोझेलनं म्हटलं, मी थांबले नाही, राजा, मी थांबले नाही.

तुम्ही म्हणाल, लाज मोझेलला वाटायला हवी, तुला का? ऐका. गाण्याला अडता येतं. सूर लागत नाही, शब्द घशात बसतो, गाणारी खोकते, वैतागते, घरी जाते. मी अडले असते तर त्या दिवशी काही झालं नसतं. पण त्या काळ्या तबकडीवर आपण गोल गोल फिरणार, हे मला कळलं होतं. मी लोण्यासारखी सरकले. आईचं कडवं गळून पडलं, खिशातली तार पडली, नाव पडलं, आणि मला हलकं वाटलं. खरं सांगते, बरं वाटलं.

तीन महिन्यांत मी शिकागोला पोचले.

व्हर्नीसचं तिकडे केस करायचं दुकान होतं. शेगडीवर लोखंडी कंगवे तापत असायचे, केसांना लावायच्या मलमाचा वास भरलेला असायचा आणि कोपऱ्यात रेडिओ. मी रेडिओतून बाहेर आले तेव्हा व्हर्नीस एका बाईच्या कानामागचे केस सरळ करत होती. आवाज ऐकताच तिचा हात थांबला.

"अग भाजेल मला!" गिऱ्हाईक ओरडलं. मग म्हणालं, "थांब, आवाज वाढव. काय गाते ही!"

"माझी बहीण आहे ती," व्हर्नीस म्हणाली.

"सख्खी? आणि इतके दिवस बोलली नाहीस?"

व्हर्नीस ऐकत होती. मी थांबले नाही, राजा. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मला वाटतं पुढे काहीतरी येईल म्हणून. पुढे तुतारी आली.

"बघितलंस?" ती म्हणाली. "आईला मातीत घालायला हिला आणखी एक दिवसही दम निघाला नाही. आणि कुठल्या यारासाठी कशी गळा काढून रडतेय बघ." तिनं रेडिओचा कान पिळला.

मी तिथेच होते, मित्रांनो. त्या चार भिंतींत, त्या कानापासून दोन हातांवर. आणि मला तोंड नव्हतं. माझ्यात जे शब्द घातले होते तेवढेच मला बोलता येत होते. ज्या कानासाठी मी जन्मले त्या कानात मी गेले, आणि जखम होती तिच्यावर मीठ टाकून आले.

तरी माझं नाक वरच होतं, कारण पुढे माझे दिवस आले.

दोन वर्षांनी एका गोऱ्या पोरानं मला गायलं. गुळगुळीत केस, मागे बारा व्हायोलिनं. त्याची तबकडी मोझेलच्या तबकडीच्या पन्नासपट गेली आणि पुष्कळांना वाटलं की मी त्याचीच. तो 'राजा'च्या जागी 'राणी' म्हणायचा. मग समुद्रापलीकडच्या लांब केसांच्या चौघांनी मला इतकं जोरात वाजवलं की माझे शब्द मलाच ऐकू येईनात. काउबॉयची टोपी घातलेल्या एका माणसानं मला रडक्या गिटारवर घातलं आणि आपल्या ट्रकचं नाव मध्ये कोंबलं. मग नाचघरांचा काळ आला. एका बाईनं मला अकरा मिनिटं गायलं. अकरा! मी म्हटलं, आता तरी आईचं कडवं येईल, जागा आहे की भरपूर. पण तिनं ते कधी ऐकलंच नव्हतं. तिनं त्या गोऱ्या पोराकडून घेतलं, त्यानं हॉलिसच्या तबकडीवरून. प्रत्येक जण आधीच्याच्या पानातलं उष्टं वाढून घेत होता. हा पदार्थ मुळात कुणाच्या चुलीवर शिजला, हे एकानंही विचारलं नाही.

लग्नातला पहिला नाच माझ्यावर होऊ लागला. बायको नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून घुमायची आणि मी तर पुरलेल्या आईवर केलेलं गाणं. पाहुणे डोळे टिपायचे. मी टाळ्या घ्यायचे.

मोझेलच्या घरीही माझ्यामुळे कमी गोंधळ झाला नाही. तिनं ओथाशी लग्न केलं, तो रेल्वेच्या मालधक्क्यावर होता. शांत माणूस, पण दर वर्षा-दोन वर्षांनी जेवता जेवता विचारायचा, "ज्याच्यासाठी थांबली नाहीस तो होता कोण ग?"

"कुणी नव्हता. गाणं आहे ते."

"कुणी नसताना एवढं रडतं होय कुणी? लेरॉय होता का?"

"कोण लेरॉय?"

"मला काय माहीत? तूच सांग."

पुढे वर्तमानपत्रवाले यायला लागले तेव्हा तिनं खरंच एक लेरॉय उभा केला. उंच होता म्हणे, बोटीवर काम करायचा. ओथानं ते छापलेलं वाचलं आणि तीन दिवस बोलला नाही. मरेपर्यंत त्या बिचाऱ्याच्या मनात तो लेरॉय राहिला. नसलेल्या यारापायी नवऱ्याला दुखवणं तिला सोपं गेलं, आणि बहिणीचं नाव घेणं जमलं नाही.

पत्र का लिहिलं नाही, म्हणाल. बसायची ती लिहायला. स्वयंपाकघरात कागद, पेन्सिल, चष्मा. 'प्रिय व्हर्नीस' एवढं यायचं. मग कुठूनतरी मी वाजायचे, शेजारच्या खिडकीतून, रस्त्यावरच्या गाडीतून. आणि ती म्हणायची, "सांगितलंय की मी. सगळ्या जगापुढे सांगितलंय. अजून काय सांगू?" कागद घडी करून ठेवायची. मी तिची पळवाट होते, मित्रांनो. जगापुढे रडणं फार सोपं असतं. जग विचारत नाही, तार खिशात का ठेवलीस. विचारणारं माणूस एकच होतं आणि मी तिला त्या माणसापासून लपायला चाळीस वर्षं आडोसा दिला.

मग मी गादीवर आले.

हॉलिस कधीच वारला होता. माझ्या मालकीचे कागद कुणाकुणाच्या हातातून फिरत कुठल्या कचेरीत जाऊन पडले होते. तिथून मला एका गादीवाल्यानं जाहिरातीला नेलं. टीव्हीवर एक जाडा माणूस झोपायच्या पायजम्यात धाडकन गादीवर पडायचा आणि चार मुली माझ्या चालीवर गायच्या, थांबू नका, राजा, थांबू नका, शनिवारपर्यंत सवलत आहे! मी पुष्कळ काही सोसलं होतं, पण त्या दिवशी वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. मला पोट नाही आणि धरणीला माझी गरज नाही. दर अर्ध्या तासाला मी वाजत राहिले.

दुसऱ्याच आठवड्यात मोझेलच्या घरी फोन वाजला. तेव्हा ती सत्तरीची, एकटी. नंबर चर्चच्या बायकांकडून मिळवलेला.

"मोझेल?"

चाळीस वर्षांनी ऐकला तरी आवाज ओळखू आला. मोझेल खुर्चीत बसली.

"तुझा यार टीव्हीवर गादीवर लोळतोय," व्हर्नीस म्हणाली. "पायजमा घालून. लाज कशी वाटत नाही ग तुला? सत्तर वर्षांची झालीस. आता तरी बास कर."

"मी नाही विकलं ते..."

"कुणीही विको! जेवताना तेच, औषध घेताना तेच. आधी निदान गाणं होतं. तुझा तो कोण लेरॉय..."

"लेरॉय नव्हता," मोझेल म्हणाली.

"मग कोण होता?"

"तू होतीस."

तिकडे टीव्ही खटकन बंद झाला. मोझेलला वाटलं, ठेवला फोन.

"काय म्हणालीस?"

"तुझं गाणं आहे ते. राजाच्या जागी तुझं नाव होतं. आईचं कडवं होतं, ते काढलं. मी काढू दिलं."

 मग व्हर्नीस म्हणाली, आणि तिचा आवाज मघासारखा राहिला नव्हता, "यापुढचं फोनवर सांगू नकोस. सांगायचं असेल तर इथे ये."

मोझेलनं अंडी-लोण्याचा केक केला, आई करायची तसा, दोन फडक्यांत बांधला, आणि गाडीत बसली. वाटभर तिनं मला घोळवलं. मूळची मला. नाव परत घातलं, तार घातली, आई घातली. चाळीस वर्षांनी मी माझ्या अंगाची झाले. मी हुरळले, मित्रांनो, कबूल करते. म्हटलं, आता माझं खरं गाणं होणार. बत्तीस जणांनी गायलेलं सगळं खोटं, हे तेहतिसावं खरं. एवढं सगळं होऊनही माझं चित्त माझ्यावरच.

व्हर्नीसनं दार उघडलं. काठी हातात, केस पांढरे, पण भांग अजून सुरीनं पाडल्यासारखा. शेगडीवर पालेभाजी शिजत होती. मोझेल कोट घालूनच स्वयंपाकघराच्या मध्यात उभी राहिली. केक टेबलावर ठेवला, डोळे मिटले, आणि मी तिच्या घशात चढले.

"मी थांबले..."

"गाऊ नकोस," व्हर्नीस म्हणाली.

मोझेलनं डोळे उघडले.

"गाऊन तू सगळ्या दुनियेला सांगितलंस. मला बोलून सांग."

मी घशात अडकून राहिले.  चाल नसली की शब्द किती जड असतात ते मी त्या दिवशी पाहिलं. तिनं मला गिळलं. मग बोलली.

"तार खिशात होती. दोन दिवस. मुद्दाम."

"का?"

"तू आली असतीस तर चर्चमधल्या सगळ्या बायका तुझ्या गळ्यात पडल्या असत्या. लांबून आली, लांबून आली म्हणून. दोन वर्षं आईचं मी केलं होतं, व्हर्नीस. तिची घाण मी काढली. मला एकदा तरी घरच्यांच्या पहिल्या बाकावर एकटीनं बसायचं होतं."

व्हर्नीसनं पळी घेतली, भाजी हलवली. झाकण ठेवलं. पाठ वळवूनच तिनं विचारलं, "बसलीस?"

"बसले."

"कसं वाटलं?"

"बाक फार लांब होता ग," मोझेल म्हणाली. आणि मग ती रडली, तशी ती कुठल्याही माइकपुढे रडली नव्हती. वेडीवाकडी, नाक गळत, ठेक्याशिवाय.

व्हर्नीस काठी टेकत आली. जवळ घेतलं नाही. मोझेलच्या कोटाचं वरचं बटण तिनं काढलं.

"माफबिफ काही केलेलं नाही मी," ती म्हणाली. "पण कोट काढ. घरात कोट घालून उभी राहिलीस तर बिलवाला आल्यासारखं वाटतं. परतीची गाडी कधीची?"

"शुक्रवारची."

"शुक्रवारपर्यंत माझं भांडून व्हायचं नाही. तिकीट बदल."

मोझेल तिथे सात आठवडे राहिली. काय काय बोलल्या ते मला माहीत नाही, कारण व्हर्नीसनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, ते गाणं माझ्या घरात वाजता कामा नये, मूळचं नको आणि गादीवालंही नको. मोझेल हो म्हणाली. त्यानंतर ती जगली तेवढ्या वर्षांत तिनं मला एकदाही तोंडात घेतलं नाही. पहिल्यांदा मला राग आला. मग कळलं की तिला आता माझी गरज नव्हती, आणि खरं तर कधीच नसायला हवी होती.

मी अजून वाजते. कुणीतरी उद्या मला तेहतिसाव्यांदा गाईल. मित्रांनो, तुम्ही गाणारे असाल तर जुनं गाणं उचलण्याआधी एवढं विचारा की हे कुणी कुणासाठी केलं होतं. उत्तर मिळालं नाही तरी विचारा. विचारलं की हात जरा हळू पडतो. आणि तुमच्या मनात कुणासाठी काही अडलेलं असेल, तर त्याची चाल बांधत बसू नका. माझ्यासारखीच्या हाती निरोप देऊ नका. मी खूप लांब जाते, पण मला दार ठोठावता येत नाही. तुम्हाला येतं. कोट चढवा आणि जा.